आई एका रात्रीत बदलली आणि सगळे म्हणतात ‘वय झालं’

अबोली

बरीच वर्षं इथे फक्त वाचते आहे. आज पहिलाच धागा काढतेय, तोही घाईत, सांभाळून घ्या.

आई ८१ वर्षांची आहे. गेल्या मंगळवारपर्यंत स्वतःचं सगळं स्वतः करत होती. नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ, औषधं स्वतः घेणार, आलेलं प्रत्येक बिल स्वतः तपासणार. बुधवारी रात्री दोनला कडीचा आवाज आला म्हणून उठले, तर ती दाराशी उभी. "मला घरी सोड," म्हणाली. मला "ताई" म्हणून हाक मारली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. सकाळी उठली ती बरीचशी नेहमीसारखी. दुपारभर मात्र नुसती पडून, हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. रात्री भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून हाताने झटकत बसली. अशा तीन रात्री झाल्या.

ताप नाही. पडलेली नाही. बीपीची एक गोळी चालू आहे. दादा फोनवर म्हणाला, "वय झालं तिचं, आता हे असंच चालायचं." बाकीचेही तेच म्हणतात. घरात झोपेच्या गोळ्या आहेत, ओळखीतल्या एकांनी अर्धी देऊन बघ असं सुचवलंय. देऊ का? आणि हे खरंच वयामुळे असतं का?

टिटवी

गोळी अजिबात देऊ नका. आणि सोमवारची वाट बघू नका, आजच दाखवा.

निशिगंध

अबोली, वाचून पोटात गोळा आला. माझ्या सासूबाईंचं अगदी असंच झालं होतं आणि आम्ही आठ दिवस ‘वय झालं’ म्हणत काढले. त्यांना न्यूमोनिया होता. खोकला नाही, ताप नाही, फक्त असंबद्ध बोलणं आणि न जेवणं. ते आठ दिवस मला अजून टोचतात.

नदीकाठ

अबोली, मी वृद्धांच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वयाने माणूस हळूहळू बदलतो. मंगळवारी धडधाकट आणि बुधवारी मुलीला न ओळखणारी, हे वयाचं काम नाही. याला डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं ‘वातात बडबडतोय’ म्हणायची ना, ते हेच. मेंदू बिघडलेला नसतो, शरीरात दुसरीकडे काहीतरी बिनसलेलं असतं आणि त्याचा पहिला धक्का मेंदूला बसतो. तरुण माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. म्हाताऱ्या शरीरात ताप चढेलच असं नाही, कित्येकदा भ्रम हेच पहिलं आणि एकमेव लक्षण असतं.

हे ओळखण्याची पद्धत शेरॉन इनूये या डॉक्टरांनी १९९० मध्ये मांडली आणि जगभर ती अजून वापरतात. अचानक सुरुवात होऊन दिवसभरात कमीजास्त होणं आणि लक्ष न टिकणं, या दोन गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला बोलणं विस्कळीत होणं किंवा जागेपणात फरक पडणं, यातलं एक तरी. तुमच्या वर्णनात मला जवळजवळ सगळं दिसतंय. लक्ष बघायचं असेल तर आईंना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. रविवारपासून मागे. ज्यांना कालपर्यंत फोन नंबर पाठ होते त्या शनिवारनंतर हरवल्या, तर ते विसरणं नव्हे, लक्ष सुटणं आहे.

आणि दुपारची ती झोप ‘रात्रीचं जागरण झालंय, झोपू दे’ म्हणून सोडू नका. शांत पडून राहणारा डिलिरियमही असतो आणि नेमका तोच सगळ्यांच्या नजरेतून निसटतो, कारण शांत माणसाचा कोणाला त्रास होत नाही.

निघण्याआधी कागदावर लिहून घ्या: शेवटची लघवी कधी आणि किती झाली, पोट कधी साफ झालं, दिवसात पाणी किती गेलं, गेल्या दोन-तीन आठवड्यांत कोणतीही नवी गोळी घेतली का. चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर बरोबर न्या. चेहरा वाकडा झाला, हातापायातला जोर गेला, श्वास जोरात चालू लागला किंवा हलवूनही जाग येईना, तर मात्र कागद राहू द्या, तशाच निघा.

शांतनू७२

कोणाला निराश करायचं नाहीये, पण दुसरी बाजूही लिहितो. बाबांचं असंच एका रात्रीत सुरू झालं. सगळ्या तपासण्या झाल्या, सोडियम कमी निघालं, ते भरून काढलं, बाबा सुधारले. आम्ही निर्धास्त झालो. सहा महिन्यांनी लक्षात आलं की ते पूर्वीचे बाबा नाहीत. आज त्यांना अल्झायमर आहे. त्यामुळे ‘डिलिरियम म्हणजे बरा होणारच’ असं कोणी सांगितलं तर तेवढ्यावर विसंबू नका.

नदीकाठ

शांतनू, अगदी बरोबर. ज्याला आधीपासून स्मृतिभ्रंश आहे त्याला डिलिरियम पटकन होतो आणि ज्याला डिलिरियम होऊन गेला त्याला पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून तर ‘त्यांना आधीच विसरायला होतं’ हे उत्तर मी कधीच मान्य करत नाही. विसरणाऱ्या माणसात अचानक फरक पडला तरी कारण शोधायलाच हवं. भ्रम ओसरायलाही कधी दिवस, कधी आठवडे, क्वचित महिने लागतात. घरच्यांना हे आधी सांगितलं तर ते तिसऱ्या दिवशी खचत नाहीत.

रानवारा

लघवीचा जंतुसंसर्ग असणार. म्हाताऱ्या बायकांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. लघवी तपासा, अँटिबायोटिक सुरू करा, दोन दिवसांत फरक पडेल. आमच्याकडे दर वेळी असंच करतो.

जुनी वही

@रानवारा, ‘दर वेळी’ हा शब्द वाचून थांबले. माझ्या आत्याच्या बाबतीत आम्हीही दर वेळी हेच केलं. पुढे वृद्धांच्या एका डॉक्टरांनी समजावलं की उतारवयात, विशेषतः बायकांच्या लघवीत, कसलाही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी सामान्य आहे. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर सापडलेले जंतू हेच भ्रमाचं कारण असेल असं नाही. लघवीत जंतू दिसले की शोध तिथेच थांबतो आणि खरं कारण मागे राहतं. आत्याचं खरं कारण तिच्या पिशवीत होतं.

औषधांच्या पिशवीबद्दल सांगते. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठ्या नकोत, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा. मलम, थेंब, चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी, सगळं. त्यात सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी निघाली, अर्धी संपलेली. आत्या ती ‘झोप छान लागते’ म्हणून रोज रात्री घेत होती. आम्हाला पत्ताही नाही. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं, कारण कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

सर्दी-खाज-ॲलर्जीच्या जुन्या पिढीतल्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन वगैरे, मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात. तरुणाला नुसती झोप येते. म्हाताऱ्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, पोट तुंबतं, लघवी अडते आणि भ्रम होतो. मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. तिच्या सुधारित आवृत्त्या अजून निघतात, २०२३ मध्येही निघाली. या गोळ्या त्या यादीत आहेत आणि अबोली, तुमची ती अर्धी झोपेची गोळीही बहुधा त्याच यादीतली असेल.

खारूताई

वाचनखूण साठवली. उद्या आजोबांची पिशवी उपसते.

रानवारा

@जुनी वही, पटलं. हे माहीत नव्हतं. पण ताप आणि जळजळ असेल तर अँटिबायोटिक लागतंच ना?

जुनी वही

हो, तेव्हा लागतंच. आणि तब्येत फारच बिघडलेली असेल तर डॉक्टर थांबणारही नाहीत. मी फक्त पहिल्याच उत्तरावर थांबण्याबद्दल बोलतेय.

काजवा

थोडं अवांतर, पण मुंग्यांवरून आठवलं. आजोबांना खोलीत रंगीत कपड्यातली बुटकी माणसं दिसायची. आजोबा एकदम शांत. "आली बघ मंडळी," म्हणायचे. "खरी आहेत का?" विचारलं तर, "छे, खरी कशी असतील? दिसतात मात्र झकास." घरात सगळ्यांना वाटलं डोकं फिरलं. निघालं काय, तर दृष्टी खूप अधू झाली होती. डोळ्यांकडून चित्रं येईनाशी झाली की मेंदू स्वतःच काढायला लागतो. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. बोने यांनी १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांचंच वर्णन करून ठेवलंय! फरक एवढाच की अशा माणसाला हे खरं नाही ते माहीत असतं आणि बाकी बुद्धी शाबूत असते. अबोलीच्या आईचं तसं दिसत नाही. तरी कोणाच्या घरी असा शांत भास दिसणारा म्हातारा असेल तर आधी डोळे तपासा. आमचे आजोबा वेड लागलं म्हणतील या भीतीने वर्षभर कोणाला बोलले नव्हते.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारीच नेलं. आत्ता तिच्या खाटेशेजारी बसून लिहितेय.

नदीकाठताई, तुमचा तो लघवीचा प्रश्न वाचला आणि मला उत्तरच देता येईना. बाथरूमला तर ती दर अर्ध्या तासाला जात होती, म्हणून मला वाटलं की सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात थेंब थेंब होत होती. सोनोग्राफीत मूत्राशय फुगलेलं दिसलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तेव्हा ९०० मिलिलिटर निघाली. डॉक्टर म्हणाले, चारशे-पाचशेला माणसाला राहवत नाही. पोटही पाच दिवस साफ नव्हतं.

आणि जुनी वही, तिच्या उशीखाली खाजेच्या गोळ्यांची पट्टी मिळाली. क्लोरफेनिरामिन. दहा दिवसांपासून दिवसाला तीन घेत होती. मी तिच्या शेजारच्या खोलीत झोपते आणि मला माहीत नव्हतं. सोडियमही थोडं कमी आहे, त्यासाठी बीपीची गोळी बदलली.

काल रात्री कॅथेटर ओढायला गेली म्हणून हात बांधू का असं इथल्या लोकांनी विचारलं. मी गप्प राहिले. काय म्हणायला हवं होतं?

टिटवी

गप्प राहण्यात काही चुकलं नाही तुमचं. तीन रात्रींची जागी आहात.

मध्यरात्र

माझ्या आईचे हात बांधले होते, मीच हो म्हटलं होतं. नळी उपसली असती तर रक्त आलं असतं, असं सांगितलं. मला अजून वाटतं त्या क्षणी दुसरा पर्याय नव्हता.

नदीकाठ

मध्यरात्र, तुम्ही तेव्हा जे केलंत ते आईला वाचवण्यासाठी केलंत. पण मी दोन्ही बघितलंय म्हणून लिहिते: बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त झटापट करतो आणि भ्रम लांबतो. आधी विचारायचं की ही नळी आणखी किती तास लागणार आहे. नकोशी झालेली नळी काढणं हा सगळ्यात चांगला उपाय. तोवर नळी कपड्याखालून, नजरेआड घ्यायची. हाताला घडी घालायला टॉवेल द्यायचा. आणि ओळखीचं माणूस उशाशी, याच्या तोडीचं औषध मी तरी पाहिलं नाही.

इनूये यांनीच १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयातल्या वृद्धांना दिवस-वार सांगत राहणं, चष्मा-श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं, उठवून चालवणं, रात्री गोळीऐवजी अंधार-शांतता देणं, एवढंच केलं. भ्रम होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. यात महागडं यंत्र एकही नाही. अबोली, तुम्ही हे सगळं करू शकता. समोर घड्याळ ठेवा. सकाळी पडदा उघडा. "मी अबोली, आपण दवाखान्यात आहोत, आज रविवार" असं दर वेळी आपणहून सांगा. "मी कोण, ओळख बघू" असं विचारू नका, ती परीक्षा होते. मुंग्या नाहीत म्हणून वादही घालू नका. "तुला भीती वाटतेय का? मी आहे इथे," एवढं पुरतं.

शांतनू७२

या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. बाबा संध्याकाळी त्यांच्या आईकडे जायचं म्हणतात. पहिले दोन महिने मी रोज सांगितलं, "आजी गेली." रोज त्यांना ती नव्याने गेल्याचं कळायचं, रोज रडायचे. हे मी का केलं, माहीत नाही. आता "आजी कशी होती, सांगा ना," एवढंच म्हणतो आणि ते अर्धा तास बोलतात.

निशिगंध

खोटं बोलण्यासारखं नाही का वाटत? माझ्याने होत नाही ते.

शांतनू७२

खोटं मी बोलत नाही. ती जिवंत आहे असं म्हणत नाही. त्यांना आठवण आली आहे, एवढ्या भागाला उत्तर देतो.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे, एकच सांगतो: ‘आराम करू दे’ या शब्दांपासून आईंना वाचवा. २००७ मधला एक प्रयोग आहे. निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस खाटेवर झोपवून ठेवलं, तर पायांचे जवळपास एक किलो स्नायू गेले. आजारी माणसाचं काय होत असेल विचार करा. डॉक्टरांची हरकत नसेल तर आजपासून जेवण खुर्चीत. उठवताना आधी पाय सोडून दोन मिनिटं बसवा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरलं तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते, तेव्हा झोपून आणि उभं, दोन्ही मोजायला सांगा. आणि हो, भ्रमात कधी पडल्या, डोकं आपटलं, तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. कवटीच्या आत हळूहळू साकळणारं रक्त उशिरा त्रास देतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच.

खारूताई

पाऊलवाट, आजोबांच्या माकडहाडावर लाल चट्टा आलाय. तेल लावून चोळू का?

पाऊलवाट

चोळू नका! बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढरा न पडणारा लाल चट्टा म्हणजे आतली कातडी दुखावली आहे. त्या जागेवर वजन अजिबात नको, निदान दर दोन तासांनी कूस बदला, टाचांखाली आधार देऊन टाचा अधांतरी ठेवा. भोक असलेली गोल गादी वापरू नका, तिच्या कडेवर दाब वाढतो. आणि दाखवून घ्या.

मध्यरात्र

सगळे आईंबद्दल लिहिताहेत. अबोली, तुम्ही कधी झोपलात? जेवलात? तुमचे दादा फोनवर ‘वय झालं’ म्हणाले आणि फोन ठेवला, त्यानंतर काय?

मी सात वर्षं एकटीने केलं. तिघं भावंडं. "तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत आहोत," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याने आता अंगावर काटा येतो. सातव्या वर्षी माझंच बीपी इतकं वाढलं की मला दाखल केलं. तेव्हा एका बहिणीला पहिल्यांदा कळलं की आईला रात्री तीनदा उठवावं लागतं. १९९९ मध्येच एक अभ्यास आला होता: आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. ‘थकवा आहे, होईल ठीक’ म्हणण्याइतकं हे साधं नाही.

दूरदेशी

मी त्या दादासारखाच. लांब राहतो. खरं सांगतो, ‘वय झालं’ हे मीही म्हटलंय. त्यामागे बेफिकिरी नव्हती. आई आजारी आहे हे मान्य केलं तर मला निघावं लागेल, आणि निघता येत नाही, म्हणून वय म्हणणं सोपं जायचं. बहिणीने एकदा मला रागावण्याऐवजी कामांची यादी पाठवली. तेव्हापासून औषधांचा तक्ता, डॉक्टरांच्या तारखा, विम्याचे कागद, तपासणीचे रिपोर्ट, सगळं माझ्याकडे. रात्रीच्या मदतनिसाचा पगार मी देतो. वर्षातून दोनदा मी पंधरा दिवस येतो आणि त्या दिवसांत ती घरात राहत नाही, हा आमचा करार आहे. पहिल्या वेळी आईला अंघोळ घातली तेव्हा कळलं बहीण काय करते ते.

दादाला ‘मदत कर’ म्हणू नका. ‘मंगळवारी सकाळी डॉक्टरांना फोन करून सोडियमचा रिपोर्ट विचार’ असं सांगा.

मध्यरात्र

@दूरदेशी, असं लिहिणारा भाऊ मला पहिल्यांदाच भेटला. पण यादी करून देणं हेही पुन्हा त्या एकटीचंच काम झालं, एवढं लक्षात असू द्या.

दूरदेशी

हो. हे खरंय. पुढची यादी मी करायला हवी होती.

अबोली

तीन आठवड्यांनी येतेय.

कॅथेटर चौथ्या दिवशी निघाला. पोट साफ झाल्यावर आणि ती गोळी बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत मुंग्या गेल्या. मला ताई म्हणणं मात्र आठवडाभर, संध्याकाळी संध्याकाळी चालूच होतं. तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून मी तग धरला.

दादा आला. धागा त्याला वाचायला दिला. दूरदेशींचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही बोलला नाही. औषधांचा तक्ता त्याने स्वतः भिंतीवर लावलाय आणि या आठवड्याच्या रात्री त्याच्या आहेत. काल मी सलग सात तास झोपले.

आईला त्या रात्रींतलं थोडंफार आठवतं. "मुंग्या खऱ्याच होत्या गं," म्हणते. "आणि सगळे माझ्याशी लहान मुलासारखं मोठ्याने का बोलत होते?" खाजेच्या गोळ्या का लपवल्यास विचारलं तर म्हणाली, "लपवल्या नव्हत्या. तुझ्यामागे आधीच एवढं असतं, म्हटलं खाजेचं काय सांगायचं." यावर मला काही बोलता आलं नाही. आता रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून ‘आज कुठे काय दुखलं’ एवढंच दोघी एकमेकींना सांगतो. मीही सांगते, ती अट आईची.

स्मरणशक्तीची नीट तपासणी तीन महिन्यांनी करायची आहे, शांतनूंचं लिहिलेलं विसरलेले नाही. नदीकाठताई, काल वार उलटे विचारले. रविवार ते सोमवार एका दमात म्हणाली आणि वर, "महिने पण म्हणू का?" म्हणून डिसेंबरपासून सुरूही झाली.

नदीकाठ

म्हणू द्या! तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी जाल तेव्हा डॉक्टरांना हेही सांगा. त्यांच्या फायलीवर ‘ही गोळी देऊ नये’ असं ठळक लिहून घेतलंत ना?

अबोली

नाही, राहिलं. दादाला सांगते, सोमवारी त्यालाच जायचंय.